साहेबांचा पगार किती, हे कुणी विचारायचं?



गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वार्षिक सभेला मी गेले होते. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरलेल्या, निम्म्याहून जास्त बाया बचतगटांतल्या. एकेक विषय वाचला जात होता आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत हात वर होत होते. चहाची किटली आली, तेवढ्यात मागून एक ताई उठल्या. म्हणाल्या, “आपल्या सीईओ साहेबांना महिन्याला किती पगार देतो आपण?” अध्यक्ष हसले. “ताई, ते संचालक मंडळाचं काम. तुम्ही चहा घ्या.” ताई बसल्या.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. शेअर आपला, म्हणजे कंपनीची मालकीण आपण. मग मालकिणीने पगार विचारला तर चुकलं काय?

हाच प्रश्न स्वित्झर्लंडमध्ये एका माणसाने अख्ख्या देशाला विचारायला लावला. थॉमस मिंडर त्यांचं नाव. टूथपेस्ट, चूळ भरायचं औषध असल्या वस्तू बनवणारा त्यांचा घरचा छोटा कारखाना. २००१ साली तिथली स्विसएअर ही मोठी विमान कंपनी बुडाली. पैसे संपले आणि विमानं जागच्या जागी उभी राहिली. त्या धक्क्यात मिंडर यांचा कारखानाही बुडता बुडता वाचला. आणि त्याच विमान कंपनीच्या प्रमुखाला पाच वर्षांचा पगार, कोटीभर फ्रँकहून जास्त, आधीच मोजून दिलेला होता! गडी लावताना आपण उचल देतो, पण पाच वर्षांची उचल कुणी देतं का?

त्या देशात एक सोय आहे. अठरा महिन्यांत एक लाख मतदारांच्या सह्या जमवल्या, तर राज्यघटनेत बदल मागता येतो आणि त्यावर सगळ्या देशाला मत द्यावं लागतं. (याच देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९७१ साली मिळाला. आपल्याला तो स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीपासून आहे.) मिंडर यांनी सह्या जमवल्या, २००८ साली त्या सरकारकडे दिल्या. पुढची पाच वर्षं संसदेत घोळ चालला. मोठ्या कंपन्यांनी विरोधात पैसा ओतला.

मतदान तोंडावर आलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये एक बातमी फुटली. नोव्हार्टिस या औषध कंपनीचे अध्यक्ष डॅनियल वासेला पद सोडत होते. दुसऱ्या कंपनीला जाऊन मिळू नये, एवढ्यासाठी त्यांना सहा वर्षांत ७ कोटी २० लाख फ्रँकपर्यंत रक्कम द्यायचं ठरलं होतं. काम न करण्याचे पैसे! लोक खवळले. वासेलांनी ती रक्कम नको म्हणून सांगितलं, पण ३ मार्चला शंभरातल्या जवळपास ६८ मतदारांनी मिंडर यांच्या बाजूने मत दिलं.

२०१४ पासून नियम लागू झाले. शेअर बाजारात नोंदलेल्या तिथल्या कंपन्यांत संचालक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्या एकूण पगारावर दरवर्षी भागधारकांचं मत घ्यावं लागतं, आणि ते मत बंधनकारक असतं. जाताना थैली द्यायची नाही, आगाऊ बक्षीस द्यायचं नाही. नियम जाणूनबुजून मोडला तर तुरुंग. कामगारांच्या पेन्शनचे पैसे ज्या फंडांनी शेअरमध्ये गुंतवले आहेत, त्या फंडांनाही गप्प बसता येत नाही. त्यांनी मत द्यायचं, आणि काय दिलं ते कामगारांना कळवायचं.

आता खरं सांगायचं तर त्यामुळे साहेबलोकांचे पगार फार खाली आले असं झालं नाही. बहुतेक ठराव मंजूरच होतात. पण आकडा सभेपुढे ठेवावा लागतो, आणि मला वाटतं अर्धं काम तिथेच होतं.

आपल्याकडे काय आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७ पब्लिक कंपन्यांसाठी आहे. संचालक आणि व्यवस्थापक मंडळींचा मिळून पगार निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांवर न्यायचा असेल तर भागधारकांची मंजुरी लागते. शिवाय संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे शेअर बाजारातल्या कंपनीला अहवालात छापावं लागतं. २०१४ साली मुंबईच्या टाटा मोटर्समध्ये भागधारकांनी बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे ठराव पहिल्या खेपेला अडवले होते.

आपली उत्पादक कंपनी वेगळ्या प्रकरणात येते, तिथे ११ टक्क्यांची गोष्ट नाही. सीईओच्या नोकरीच्या अटी संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे अध्यक्ष बोलले ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. कारण वर्षाचं अंदाजपत्रक आणि हिशेब मंजूर करण्याचा अधिकार वार्षिक सभेचा आहे, आणि पगार त्या अंदाजपत्रकातच बसलेला असतो. सभेची लेखी नोटीस निदान १४ दिवस आधी यायला हवी, सोबत तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोट्याचं पत्रक. सभासद शेतकरीच असतील तर शेअर दहा असोत की हजार, मत प्रत्येकीला एकच.

पत्रकात बहुतेक वेळा ‘कर्मचारी खर्च’ अशी एकच ओळ असते. त्यातला सीईओचा आकडा वेगळा मागा. पहिली काही वर्षं तो पगार बऱ्याच ठिकाणी सरकारी योजनेच्या अनुदानातून येतो, म्हणून कुणाला जड वाटत नाही. अनुदान थांबलं की तोच पगार आपल्या सोयाबीन-तुरीच्या उलाढालीतून निघतो. तो केव्हा थांबणार, हेही विचारा. आणि चांगलं काम करणाऱ्या सीईओला चांगला पगार द्यायलाच हवा. अगदी कमी पगारात माणूस टिकत नाही, हेही आपण पाहिलंय.

त्या ताई परवा बाजारात भेटल्या. यंदाची नोटीस आलीय, पण सोबत ताळेबंद नाही, म्हणाल्या. तो मागायला त्या सोमवारी कंपनीच्या ऑफिसात जाणार आहेत, गटातल्या दोघींना घेऊन.