रावणाच्या शिल्पातली पार्वती

वेरूळच्या कैलास लेण्यात शिरलेला माणूस मंदिराच्या दक्षिण अंगाला, जोत्यात खोल कोरलेल्या रावणापाशी थांबल्याशिवाय राहत नाही. गाइड वीस हातांकडे बोट दाखवतो, पोरे डोकी मोजू लागतात, कोणीतरी ‘गर्वाचे घर खाली’ म्हणून मोकळा होतो आणि मंडळी पुढे सरकतात. पाट्यांवर, पुस्तकांत, पोस्टकार्डांवर या शिल्पाचे नावही तसेच आहे : कैलास हलवणारा रावण. माझे म्हणणे थोडे आडवे आहे. हे शिल्प आणि याच कथेची आधीची-नंतरची कितीतरी शिल्पे नीट पाहिली, तर रावण त्यांचा नायक नाही आणि खलनायकही नाही. तो निमित्त आहे. शिल्पकाराचा खरा जीव गुंतला आहे तो वर बसलेल्या पार्वतीत. ग्रंथात जिच्या वाट्याला जेमतेम अर्धा श्लोक आला, तिला दगडाने कथेचा कणा केले.

आधी ग्रंथ पाहू. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात, सोळाव्या सर्गात ही कथा येते. कुबेराला हरवून रावण पुष्पक विमानातून निघतो आणि कैलासाजवळ शरवणात विमान अडते. नंदी सांगतो, वर शंकर क्रीडा करीत आहेत, मागे फिर. रावण नंदीच्या वानरासारख्या तोंडाला हसतो आणि वानरांच्या हातून तुझा नाश होईल असा शाप ओढवून घेतो. मग रागाने पर्वताखाली हात घालून तो पर्वतच उचलतो. गण डळमळतात, पार्वती शंकराला बिलगते आणि शंकर पायाच्या अंगठ्याने सहज दाबतात. हात चिरडले जातात, त्रैलोक्य हादरेल अशी आरोळी उठते. मग मंत्र्यांच्या सल्ल्याने रावण हजार वर्षे स्तुती करतो. शंकर प्रसन्न होऊन त्याला सोडतात, त्या आरोळीवरून ‘रावण’ हे नाव देतात आणि वर चंद्रहास खड्गही देतात. अपमान, शाप, बळ, वेदना, स्तोत्र, वर असा हा मोठा पट आहे आणि त्यात पार्वतीचे बिलगणे जाता जाता आलेले आहे. नुसते ग्रंथाबरहुकूम कोरायचे असते तर नंदीचा शाप, ती आरोळी, खड्ग देणारे शंकर यांतले काहीही घेता आले असते. पण शिल्पकारांनी पुन्हा पुन्हा एकच क्षण उचलला : पर्वत हलला आहे, अंगठा नुकताच टेकतो आहे आणि पार्वती घाबरली आहे.

हा क्षण का, याचे उत्तर दगडाच्या स्वभावात आहे. दगड ओरडत नाही आणि हलतही नाही. युरोपात नेमक्या याच प्रश्नावरून मोठा वाद झाला होता. ट्रॉयचा पुरोहित लाओकून आणि त्याची दोन मुले सापांच्या विळख्यात सापडली आहेत, असा एक प्राचीन संगमरवरी शिल्पसमूह 1506 मध्ये रोममध्ये जमिनीखालून निघाला. व्हर्जिलच्या काव्यात हा लाओकून आकाशाला भिडेल अशी किंकाळी फोडतो, शिल्पात मात्र त्याचे तोंड अर्धवटच उघडे आहे. जर्मन लेखक लेसिंगने 1766 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याचा मुद्दा असा की शब्दाची कला काळात वाहते, शिल्प मात्र एका क्षणाला खिळलेले असते. म्हणून शिल्पकाराने कळस निवडू नये, ज्यातून आधीचे आणि नंतरचे दोन्ही कल्पिता येईल असा क्षण निवडावा. वेरूळचा कारागीर लेसिंगच्या हजारएक वर्षे आधीचा. त्याने ग्रंथ लिहिला नाही, पण अडचण त्याच्यापुढे त्याहून बिकट होती. लाओकूनचा देह पिळवटता येतो, त्यामुळे वेदना दिसते. इथे दाखवायचा आहे धरणीकंप आणि तोही ज्या डोंगराला हलवल्याचे दाखवायचे त्याच डोंगराच्या काळ्या बसाल्टमध्ये. पर्वत हलतोय हे सांगण्याचा एकच मार्ग उरतो. त्यावर बसलेल्या कोणाच्या तरी अंगात ती हालचाल दिसली पाहिजे. शंकरांच्या अंगात ती दिसून चालणार नाही, कारण ते अविचल आहेत हीच तर कथेची मेख. उरली पार्वती.

आता कैलास लेण्यातले, म्हणजे वेरूळच्या सोळाव्या लेण्यातले शिल्प पाहावे. खाली एक खोल खोबण आहे, जणू डोंगराच्या पोटातली गुहा. तिच्या अंधारात रावण गुडघ्यावर आला आहे. त्याचे हात चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना फाकलेले आहेत आणि देह भिंतीपासून जवळजवळ सुटा कोरलेला आहे. ही खोलीच इतर शिल्पांपेक्षा वेगळी. बाकीच्या पटांत रावण देवांच्याच सपाटीवर असतो, इथे तो निराळ्या जगात आहे. वर, उजेडात, शंकर निवांत बसलेले, एक पाय खाली दाबलेला. त्यांच्या देहात कुठेही जोर लावल्याची खूण नाही. आणि शेजारी पार्वती : मागे कललेली, पाय आखडून घेतलेली, हाताने शंकरांचा दंड घट्ट धरलेली. तिच्या पलीकडे एक दासी आपल्याकडे पाठ करून आतल्या अंधारात पळत सुटली आहे. या दासीचा ग्रंथात पत्ता नाही, शिल्पांत मात्र ती वेरूळला पुन्हा पुन्हा येते, म्हणजे ती कारागिरांची स्वतःची भर. ती नुसती मोकळी जागा भरायला आली नाही. एकाच भीतीचे दोन मार्ग तिथे समोरासमोर आहेत : एक बाई पळते, दुसरी धरून ठेवते. क्षणभर कल्पनेने पार्वती आणि दासी दोघींना पुसून टाका. वर शांत बसलेला देव आणि खाली हात पसरलेला असुर उरतो. तो पर्वताला आधार देतोय असे वाटेल, हलवतोय असे मुळीच वाटणार नाही. (पूर्वी हे सगळे चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेले होते. या लेण्याला रंगमहाल हे नाव त्यावरूनच पडले. आज दिसणारा करडा गंभीरपणा हा काळाचा प्रसाद आहे, कारागिरांचा नव्हे.)

दुसरा पुरावा शेजारपाजारचा. वेरूळात ही कथा एकट्या सोळाव्या लेण्यात नाही. धबधब्याजवळच्या धुमार लेण्यात म्हणजे एकोणतिसाव्यात, रामेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकविसाव्यात, चौदाव्यात आणि दशावतार लेण्यातही ती आहे. चौदाव्याला तर लोकांनी ‘रावण की खाई’ हेच नाव देऊन टाकले, जरी तिथे दुर्गा, लक्ष्मी, वराह अशा पुष्कळ देवता आहेत आणि रावणाच्या वाट्याला एकच पट आहे. यांपैकी चौदाव्यात, एकविसाव्यात आणि एकोणतिसाव्यात एक दृश्य रावणाच्या सोबतीला हमखास सापडते : शंकर-पार्वती सारीपाट खेळत आहेत. घारापुरीला पूर्वेच्या प्रवेशाशी हीच जोडी दोन बाजूंना आहे. एकीकडे कैलासावर बसलेले शंकर-पार्वती, ज्यात पार्वती रुसल्यासारखी तोंड फिरवून आहे असे बरेच अभ्यासक मानतात, आणि दुसरीकडे, आता फार मोडतोड झालेला, रावणाचा पट. एखाद्या ठिकाणी हा योगायोग म्हणता आला असता. इतक्या ठिकाणी नाही. खेळातला रुसवा आणि भीतीने मारलेली मिठी ही एकाच संसाराची दोन टोके म्हणून कोरली गेली आहेत. कवींनाही हे कळले होते. शिशुपालवधाच्या पहिल्या सर्गात माघ म्हणतो की शंकरांनी दिलेल्या वराची परतफेड रावणाने केली ती अशी : पर्वत उचलून घाबरलेल्या पार्वतीला आपणहून पतीच्या गळ्यात पडायला लावले! चेष्टेच्या सुरात का होईना, माघाने कथेचे केंद्र नेमके हेरले आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासकाराकडून येईल. राजे मंदिरे बांधतात ती सत्तेसाठी. कैलास लेणे कोरवणाऱ्या राष्ट्रकूटांनी बदामीच्या चालुक्यांना मोडून काढले आणि माजलेल्या शत्रूला पायाखाली घेणारा शंकर त्यांना सोयीचाच होता. संसार वगैरे आपण आत घुसडतो. यात तथ्य नाही असे नाही, पण तारखा आडव्या येतात. धुमार लेणे आणि रामेश्वर ही सहाव्या शतकातली मानली जातात, म्हणजे राष्ट्रकूटांच्या पुष्कळ आधीची, आणि पार्वती तिथेही बिलगलेलीच आहे. शिवाय ज्या चालुक्यांचा पराभव झाला, त्यांच्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरातही हीच कथा कोरलेली आहे. ते मंदिर राणी लोकमहादेवीने विक्रमादित्य दुसरा याच्या कांचीवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधले. हरणारा आणि जिंकणारा दोघेही एकच चित्र लावतात, तेव्हा चित्राचा अर्थ जयपराजयापलीकडे शोधावा लागतो. सोळाव्या लेण्यातल्या शिल्पाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. मंदिराचे मुख्य काम आठव्या शतकात कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीतले, पण पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते हा रावण त्यानंतर तीनचार दशकांनी कोरला गेला, आणि कला-इतिहासकार हर्मन गोएट्झने तर तो थेट दहाव्या शतकात, कृष्ण तिसरा याच्या काळात नेला. यातले कोणतेही मत खरे धरा, मंदिर उभे झाल्यावर कोणाला तरी वाटले की या जोत्यात रावण हवा. मंदिराचे नाव कैलास, त्याच्या पायाशी रावण. म्हणजे आता हलतो आहे तो शिल्पातला पर्वत नव्हे, अख्खे मंदिर! ही कल्पना विजयस्तंभ उभारणाऱ्याची वाटत नाही, दगडात नाटक रचणाऱ्याची वाटते.

दुसरा आक्षेप कीर्तनकाराचा, आणि तो जास्त रूढ आहे. कथा गर्वहरणाची आहे, देव उन्मत्ताला चिरडतो, एवढे पुरे नाही का? गर्वहरणच दाखवायचे तर कसे दाखवतात, हे ग्रीकांकडे पाहावे. तिथेही देवांशी लढणारा एन्सेलाडस नावाचा राक्षस आहे. तो एटना ज्वालामुखीखाली गाडला गेला आणि तो कूस बदलतो तेव्हा सिसिली हादरते, असे सांगतात. व्हर्सायच्या बागेत सतराव्या शतकात गास्पार मार्सीने त्याचे कारंजे घडवले : खडकांत अर्धा गाडलेला सोनेरी देह, उघड्या तोंडातून उसळणारे पाणी. तिथे पर्वतावर कोणी बसलेले नाही, कोणी कोणाला बिलगत नाही, आणि तशी गरजही नाही. चिरडलेला देह म्हणजेच संपूर्ण कथा. आपल्याकडे पर्वतावर घर आहे. शिवाय रावणाला अखेर वर मिळतो. शास्त्रकार या मूर्तीला रावणानुग्रह म्हणतात, म्हणजे दाबणारा अंगठा हीच कृपा. सातव्या शतकातल्या तमिळ संत संबंदरांनी आपल्या बहुतेक पदिकांतले (स्तोत्रांतले) आठवे कडवे याच प्रसंगाला वाहिले, आणि त्यातून शत्रुत्वापेक्षा देवाचे औदार्यच पुढे येते. गर्वहरण कथेत आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण तेवढेच असते तर पार्वती आणि तिची दासी शिल्पात फुकटच्या ठरल्या असत्या.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. बेलूर आणि हळेबीडच्या होयसळ मंदिरांत, बाराव्या शतकात, ही कथा येते तेव्हा दृष्टी आधी जाते ती पर्वतावर. थरांमागून थर, त्यांत झाडे, प्राणी, माणसे, इतकी दाट गर्दी की शंकर-पार्वती माथ्यावर लहानशी उरतात. कंबोडियातल्या बांतेय स्रेई मंदिरात, 967 मध्ये प्रतिष्ठा झालेल्या, पर्वत पायऱ्यांच्या मनोऱ्यासारखा आहे; खाली भेदरलेली जनावरे, वर तपस्वी आणि पशुमुखी गण, माथ्यावर शंकर आणि त्यांच्याजवळ सरकलेली उमा. तिथे पार्वती केंद्रस्थानी आहे असे म्हणणे ओढूनताणून होईल, आणि मी ते म्हणत नाही. माझा दावा त्या शिल्पांपुरता आखडता घ्यावा लागेल : कंप दगडात दाखवता येत नाही, तो रहिवाशांत दाखवावा लागतो, ही युक्ती तिथेही तीच आहे. वेरूळच्या कारागिराने ते काम दोन बायकांवर भागवले, हळेबीडच्याने सगळ्या अरण्यावर वाटले. मला पहिले अधिक धीट वाटते. हळेबीडचे काम पाहून हाताच्या कसबाने थक्क व्हायला होते, पण त्या गर्दीत भीती हरवते. (गोएट्झ बरोबर असेल, तर वेरूळचा रावण आणि कंबोडियाचा रावण जवळपास एकाच पिढीचे ठरतील. इतक्या लांब समुद्रापार एकाच वेळी दोन इतकी वेगळी उत्तरे.)

शेवटी उलटतपासणीसाठी एक शिल्प वेरूळच्या सोळाव्या लेण्यातच आहे. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत उत्तर बाजूला रावण पुन्हा भेटतो, पण वेगळ्या कथेत : तो आपली शिरे कापून शिवलिंगाला वाहतो आहे. नऊ वाहिलेली आहेत, दहावे बाकी. परळी वैजनाथची आणि गोकर्णाची कथा मराठवाड्याला पाठ असल्याने हा रावण आपल्या ओळखीचा. इथे पट आटोपशीर आहे. मधोमध रावण, समोर लिंग, आणि भ्यायला किंवा पळायला दुसरे कोणी नाही. कथा रावणाचीच असते तेव्हा वेरूळचा कारागीर त्याला असे मध्यभागी, एकट्याला, पूर्ण उजेडात ठेवू शकतो. दक्षिण बाजूला त्याने तसे केले नाही. तिथे रावण खोबणीत गेला, आणि उजेडाची जागा पार्वतीला मिळाली.