अंडं ठेवायचं कुठं? पेंग्विनची उत्तरं वेगवेगळी

राणीची बाग बघून आलेली आपल्या इस्लामपूरकडची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: पेंग्विन बर्फातला ना, मग तिथं त्याच्याजवळ बर्फाचे डोंगर का नव्हते? प्रश्न रास्त आहे. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ मध्ये सोलहून आणलेले आठही पेंग्विन हम्बोल्ट जातीचे होते. या जातीचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. समुद्र थंड, पण जमीन कोरडी वाळवंटी. त्यामुळं हम्बोल्टच्या अंड्याचा खरा शत्रू ऊन आहे, थंडी नव्हे.

त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे बीळ. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साचलेले थर, म्हणजे ग्वानो, पोखरून ते आत सावलीत बहुधा दोन अंडी घालतात. नर-मादी आळीपाळीनं चाळीसेक दिवस ती उबवतात. पण ग्वानो हे उत्तम खत. खताचं मोल ऊसपट्ट्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको! एकोणिसाव्या शतकात ते जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेच्या शेतांत गेलं, थर खरवडले गेले आणि पेंग्विनला बीळ करायला जागा उरली नाही. आता अनेक जोड्या खडकांच्या कपारीत किंवा झुडपाखाली अंडी घालतात. तिथं ऊनही लागतं आणि शत्रूंनाही अंडी सापडतात.

भायखळ्यात १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, ते आठवडाभरच जगलं. २०२१ मध्ये जन्मलेली पिल्लं मात्र तगली.

अंटार्क्टिकातल्या ॲडेली पेंग्विनची अडचण निराळी. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाहू लागतं आणि पाण्यात भिजलेलं अंडं थंड पडतं. म्हणून ते खडे गोळा करून उंचवटा रचतात. खडे मोजकेच, म्हणून शेजाऱ्याच्या घरट्यातले चोरायलाही कमी करत नाहीत. आपली टिटवीसुद्धा रानात खड्या-ढेकळांतच अंडी घालते. ती उंचावर दिसली, की यंदा पाऊस जास्त, असं जुनी माणसं म्हणतात. भर उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. ॲडेली अंडं पाण्यापासून वाचवतो, टिटवी त्याच्यासाठी पाणी आणते.

एम्परर पेंग्विन तर घरटंच करत नाही. ऐन अंटार्क्टिक हिवाळ्यात, समुद्रावर गोठलेल्या बर्फात, ना माती ना खडा. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्रात चरायला निघून जाते. नर पोटाखालच्या कातडीची घडी त्यावर पांघरतो आणि सुमारे ६५ दिवस उपाशी उभा राहतो. उणे ४० अंशांच्या वाऱ्यात शेकडो नर एकमेकांना चिकटून उभे असतात. बाहेरचे हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात. अंडं बर्फावर घरंगळलं, तर थोड्याच वेळात गोठतं.

हा सगळा खटाटोप पायाखालचा बर्फ टिकेल या भरवशावर चालतो. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ वेळेआधीच फुटला. पिल्लांच्या अंगावर तेव्हा नुसती मऊ लव होती. पाण्यात टिकणारी पिसं यायला अजून अवकाश होता. त्या चार वसाहतींतलं बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही.