क्वांटमने लॉजिक मोडलं का?

आजचा प्रश्न: क्वांटम फिजिक्समुळे आपलं नेहमीचं लॉजिक बदलावं लागेल का? प्रश्न थट्टेचा नाही. 1936 मध्ये गॅरेट बर्कहॉफ आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी यावर चक्क पेपर लिहिला.

अडचण एका नियमात आहे. "अ आणि (ब किंवा क)" म्हणजेच "(अ आणि ब) किंवा (अ आणि क)". इफ कंडिशन लिहिताना मी हा नियम डोळे झाकून वापरतो.

आता इलेक्ट्रॉन घ्या. त्याचा स्पिन कुठल्याही दिशेने मोजा, उत्तरं दोनच: अप किंवा डाउन. समजा, आडव्या दिशेने तो नक्की अप आहे. उभ्या दिशेने "अप किंवा डाउन" हे तर कायमच खरं. म्हणजे नियमाची डावी बाजू खरी. पण "आडवा अप आणि उभा अप" अशी अवस्थाच या थिअरीत नाही. "आडवा अप आणि उभा डाउन" अशीही नाही. म्हणजे उजवी बाजू खोटी. नियम गेला!

1960च्या दशकाच्या शेवटी तत्त्वज्ञ हिलरी पटनम म्हणाले, आइन्स्टाइननंतर युक्लिडची भूमिती जशी मागे पडली, तसंच लॉजिकही प्रयोगांमुळे बदलू शकतं.

मला हे पटत नाही. तो "किंवा" नीट बघा. आपल्या रोजच्या "किंवा"त दोघांपैकी एक तरी खरं असावं लागतं. इथल्या "किंवा"त दोघांच्या सुपरपोझिशनसुद्धा धरतात. आडवा अप ही उभ्या अप आणि डाउनची सुपरपोझिशनच आहे, म्हणून दोन्हींपैकी एकही खरं नसताना "किंवा" खरा ठरतो. आम्ही प्रोग्रॅमर याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतो: चिन्ह तेच, काम वेगळं. प्लसने "2" आणि "3" या स्ट्रिंग जोडून "23" दिलं, म्हणून बेरीज खोटी पडली असं कोणी म्हणतं का?

शिवाय या नव्या लॉजिकचं सगळं गणित सिद्ध होतं ते जुन्याच लॉजिकने. ज्या फांदीवर बसलोय, ती कशी तोडणार? पुढे पटनम यांनीही ही भूमिका सोडली.

तेव्हा "क्वांटममध्ये सगळंच खरं आणि सगळंच खोटं" असं म्हणून कोणी वाद मिटवायला लागलं, तर एवढंच विचारा: भाऊ, यातला "किंवा" कुठला?