लालबाग ते चौपाटी: बिंदू, रेषा आणि गिरण्या

लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक वीस-वीस तास चालते. नकाशावर लालबाग आणि गिरगाव चौपाटी यांच्यातलं सरळ अंतर मात्र जेमतेम ५ किलोमीटर भरतं. पायथन या संगणकभाषेत नकाशे काढण्यासाठी ‘फोलियम’ नावाची मोफत लायब्ररी आहे. तिला ही दोन टोकं दिली, की ती क्षणात रेषा आखते. पण ती रेषा चाळींच्या छपरांवरून आणि रेल्वेच्या रुळांवरून थेट समुद्राकडे जाते.

कारण अशा रेषेला रस्ता ठाऊक नसतो, फक्त बिंदू कळतात. भारतमाता, भायखळा स्टेशन, नागपाडा, माधवबाग, सी. पी. टँक, ऑपेरा हाऊस असं एकेक वळण अक्षांश-रेखांशाच्या जोडीने सांगावं लागतं, तेही क्रमाने. सरळ रस्त्याला दोन बिंदू पुरतात. गिरगावाकडच्या गल्ल्यांत शिरलं, की ते जवळजवळ घ्यावे लागतात. आकडा चार दशांश स्थळांपर्यंत दिला तर जागा दहा-अकरा मीटरच्या आत नेमकी सापडते, म्हणजे गल्लीचं तोंडही दाखवता येतं. फोलियम आधी अक्षांश मागतं, तर नकाशाची माहिती साठवणाऱ्या जिओजेसन प्रकारच्या फाइलीत रेखांश आधी येतो. मुंबईचे १९ आणि ७२.८ हे आकडे उलटे पडले, तर आपलं लालबाग नॉर्वेच्याही उत्तरेला, समुद्रात जाऊन बसतं!

मला मात्र रेषेपेक्षा, नकाशावर एकेका जागी ठेवता येणाऱ्या चिन्हांचं मोल जास्त वाटतं. मोबाइलवरच्या नकाशात लोअर परळला फिनिक्सचा मॉल दिसतो, दादरला कोहिनूर स्क्वेअरचा टॉवर. तिथे गिरण्या होत्या, हे तो नकाशा सांगत नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. या सव्वाशे वर्षांत उभं राहिलेलं गिरणगाव पुन्हा नकाशावर आणायला एक साधा तक्ता पुरतो: गिरणीचं नाव, अक्षांश, रेखांश, बंद पडल्याचं वर्ष, आज तिथे काय आहे. चार-पाच ओळींचा प्रोग्राम तक्त्यातली एकेक ओळ वाचतो आणि प्रत्येक गिरणीसाठी एक चिन्ह ठेवतो. चिन्हावर बोट ठेवलं की माहिती उघडते. खाली रस्त्यांचा नकाशा असतो ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी रचलेला.

प्रोग्राम कॉलेजातलं कोणतंही पोर एका संध्याकाळी लिहील. तक्ता भरणं त्याच्या हातात नाही. गिरणीचं गेट नेमकं कुठे होतं, पाळी सुटली की माणसं कुठल्या गल्लीतून निघायची, खाणावळ कुठे होती, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात, चाळीत असं कुणी असेल तर त्यांना घेऊन एकदा त्या रस्त्यावर जा, मोबाइलवर ती जागा टिपा आणि आकडे लिहून ठेवा.