११२ : दुसऱ्याच्या टॉवरवरून मारलेली हाक

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर शहरात, केळीच्या बाजारात किंवा यंत्रमागांच्या गल्ल्यांत, मोबाइलला रेंज आहे का असे कोणी विचारत नाही. शहर मागे टाकून सातपुड्याच्या अंगाला लागले आणि देढतलाईवरून धारणीचा रस्ता धरला, की हा प्रश्न पडू लागतो. एका वळणावर एका कंपनीची रेंज, पुढच्या उतारावर दुसरीची, मधल्या खोलगट भागात कोणाचीच नाही. अशा ठिकाणी गाडी घसरली, साप चावला किंवा बाईला कळा सुरू झाल्या, तर कोणीतरी हमखास सांगतो, ‘११२ लाव, रेंज नसली तरी लागतो.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कुठला अर्धा, हे वेळ येण्याआधी कळलेले बरे.

‘रेंज नाही’ याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात तुमच्या कंपनीचा टॉवर आवाक्यात नसतो, पण दुसऱ्या कंपनीचा असतो. फोन त्या परक्या टॉवरशी जुळून राहतो आणि बहुतेक फोनच्या पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ असे उमटते. अशा वेळी साधा कॉल लागत नाही, घरच्यांना एसएमएस जात नाही, इंटरनेट तर नाहीच. ११२ ला मात्र वाट मिळू शकते. दुसऱ्या प्रकारात कोणाचाच टॉवर नसतो. तिथे ११२ सुद्धा मुका. फोन रेडिओलहरींवर चालतो आणि लहरी झेलणारे पलीकडे कोणी नसेल, तर कोणताही आकडा दाबला तरी फरक पडत नाही.

हा आकडा आपल्याकडे युरोपातून आला. १९९१ मध्ये युरोपीय देशांनी ११२ हा सामाईक क्रमांक ठरवला आणि जीएसएम मोबाइलच्या मानकात तो फोनच्या आतच बसवला गेला. म्हणून फोन ११२ ला नेहमीचा नंबर समजत नाही. जुन्या टूजी व्यवस्थेत तर हा कॉल निघताना दाबलेला आकडा पुढे जातच नाही. ‘आणीबाणी आहे’ एवढाच इशारा टॉवरकडे जातो आणि कॉल कुठे जोडायचा ते नेटवर्क ठरवते. अमेरिकेच्या ९११ लाही मानकात हाच मान आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांत पाठ असलेला क्रमांक म्हणजे रुग्णवाहिकेचा १०८. पण फोन त्याला आणीबाणीचा क्रमांक म्हणून ओळखेलच, याची खात्री नाही. न ओळखल्यास तो साधा कॉल ठरतो आणि परका टॉवर तो घेत नाही. आपली रेंज असेल तर १०८ ठीक. ती गेली असेल तर ११२ च लावावा.

सिम काढलेल्या फोनचे काय करायचे, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. जर्मनीने खोट्या कॉलना कंटाळून २००९ मध्ये बिनसिमचे आणीबाणीचे कॉल बंद केले. म्हणून कपाटातला जुना फोन सिमशिवाय गाडीत टाकून निर्धास्त राहू नये.

भारतात एकच क्रमांक असावा ही निकड २०१२ च्या दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतर वाढली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१५ मध्ये ११२ ची शिफारस केली. पुढच्या वर्षी सरकारने नियम काढला, की १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला आणीबाणीचा कॉल लावणारे पॅनिक बटण हवे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. मध्य प्रदेशात १ नोव्हेंबर २०१५ ला पोलिसांची डायल १०० सेवा सुरू झाली होती, तिची जागा ऑगस्ट २०२५ मध्ये डायल ११२ ने घेतली.

जुन्या साध्या फोनची एक अडचण मात्र नियमाने सुटत नाही. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले ते थेट फोरजीवर, त्यात टूजी नाहीच. डोंगरात आसपास फक्त जिओचा टॉवर असेल आणि खिशात जुना टूजी फोन असेल, तर फोनला तो टॉवर दिसतच नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या स्मार्टफोनवरून ११२ लागेल, आजोबांच्या फोनवरून नाही.

बऱ्हाणपूरची आणखी एक गोष्ट आहे. २००३ मध्ये खंडव्यातून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राला चिकटून आहे. एका अंगाला जळगाव, दुसऱ्याला बुलढाणा, तिसऱ्याला मेळघाट. टॉवरच्या लहरींना राज्याची सीमा कळत नाही. इच्छापूरजवळ उभ्या माणसाचा फोन मुक्ताईनगरकडचा टॉवर पकडू शकतो. मग कॉल भोपाळऐवजी महाराष्ट्राच्या ११२ केंद्रात जातो, म्हणजे नवी मुंबईत किंवा नागपुरात. तिथल्या माणसाला इच्छापूर कुठे आहे हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून या पट्ट्यात बोलताना पहिले वाक्य जागेचे हवे: राज्य, जिल्हा, गाव, रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा. टॉवरवरून कळणारी जागा ढोबळ असते. जीएसएमचा एक टॉवर ३५ किलोमीटरपर्यंतचा फोन धरू शकतो. शिवाय परक्या टॉवरवरून कॉल केला असेल, तर केंद्राला उलट फोन करता येत नाही, कारण त्या नेटवर्कच्या दफ्तरी तुमची नोंदच नसते. कॉल लागला की समोरच्याने सांगेपर्यंत तो तोडायचा नाही.

आता जिथे कोणताच टॉवर नाही, ती जागा. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, १६१५ च्या सुमारास मोगल सरदार खानखानाच्या काळात खोदलेली भूमिगत जलवाहिनी, सुमारे ८० फूट खाली आहे. तिथे ११२ ची आशा करू नये. वर जमिनीवरही डोंगर लहरी अडवतो. म्हणून पहिला उपाय उंची गाठणे. टेकडीच्या माथ्यावर दूरचा टॉवर नजरेच्या रेषेत येतो. मेळघाटच्या जंगलात वनखात्याचे कर्मचारी वायरलेसवर बोलतात, त्यामुळे वनचौकी जवळ असेल तर तिकडे धावणे शहाणपणाचे. अमेरिकेत २०२२ पासून काही आयफोन थेट उपग्रहाकडे मदत मागतात. भारतात ती सोय आलेली नाही आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे. २०२४ मध्ये बीएसएनएलने व्हायासॅट कंपनीबरोबर उपग्रहावरून संदेश पाठवून दाखवला, पण तो गावातल्या फोनपर्यंत यायचा आहे.

तोवर भिस्त टॉवरवरच. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २४,६८० वंचित गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. सरकारी निधीतून उभ्या काही टॉवरवर आता एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचे जाळे वापरता येते. जी मुभा इतकी वर्षे फक्त आणीबाणीच्या कॉलला होती, ती तिथे साध्या कॉललाही मिळाली आहे.

टॉवर येईल तेव्हा येईल. डोंगरातल्या प्रत्येक गावाला आपली रेंजची जागा माहीत असते: अमुक टेकाड, शाळेमागचा कठडा. पाहुण्याला, ट्रकवाल्याला ती माहीत नसते. ग्रामपंचायतीने रस्त्याकडेला एक पाटी लावावी, तिच्यावर गावाचे नाव, जिल्हा, ११२ आणि ‘रेंज इथे मिळते’ असा बाण रंगवावा. त्याला ना निधी लागतो, ना उपग्रह.