शेवंतीचा बहर सरल्यावर

 

दसरा गेला, दिवाळी गेली, मार्गशीर्षातले गुरुवारही सरले. आता संक्रांत होऊन गेली की शेवंतीचं रान कसं दिसतं, ते तुम्हाला सांगायला नको. फुलं बारीक पडतात, खालची पानं करपतात, काड्या वाळायला लागतात. मग घरात बोलणं सुरू होतं. "आता काय राहिलंय त्यात? रोटर मारू, उन्हाळी टोमॅटोला रान तयार करू." नारायणगावचा टोमॅटो बाजार जवळ, त्यामुळे हे बोलणं काही चुकीचं नाही. पण रोटर फिरवण्याआधी दोन सऱ्या तेवढ्या मागून घ्या. आज त्या दोन सऱ्यांबद्दलच सांगणार आहे.

शेवंती आपण बियांपासून लावत नाही. जुन्या झाडाच्या मुळाशी जे नवे धुमारे जमिनीतून वर येतात, त्यांना आपण काश्या म्हणतो. लागवड त्यांचीच. म्हणजे बहर सरला तेव्हा वरची काडी संपली, पण खालचा गड्डा जिवंत आहे. पुढच्या दसऱ्याची फुलं त्याच्याच पोटात आहेत. जानेवारीत झाड उपटलं की एप्रिलमध्ये काश्या विकत आणाव्या लागतात. वर त्या कोणत्या रानातल्या, रोगट की निरोगी, हेही कळत नाही.

आता हिशेब करू. दोन फुटांवर सरी आणि एक फुटावर रोप धरलं, तर एका गुंठ्याला साधारण साडेपाचशे काश्या लागतात. एका चांगल्या झाडापासून आठ काश्या मिळाल्या असं धरा. म्हणजे गुंठ्यासाठी ७० झाडं राखली की भागलं. पस्तीस फुटांच्या दोन सऱ्या झाल्या. दहा गुंठे लावायचे असतील तर ७०० झाडं. मरतूक धरून थोडी जास्तच ठेवा.

पण कोणतीही ७० झाडं नकोत. इथे मी स्वतः चुकले होते. एका वर्षी सगळा तोडा आटोपल्यावर, फुलं नसलेल्या रानातून हाताला येतील ती झाडं राखली. त्यात पिवळी पडलेली, एका अंगाने सुकलेली झाडंही होती. उन्हाळ्यात काश्या हिरव्यागार दिसल्या. लावल्या, आणि श्रावणात झाडं माना टाकायला लागली. मर रोग माझ्याच हाताने मी नव्या रानात नेला होता. दसऱ्याला निम्म्या सऱ्या रिकाम्या होत्या. तेव्हापासून ऐन बहरात, तोड्याला जाताना कमरेला चिंध्या बांधून नेते. जे झाड निरोगी, फूल एकसारखं, रंग चोख, त्याला चिंधी बांधायची. बहर सरल्यावर चिंधीवालीच झाडं ठेवायची.

आता छाटणी. धारदार, स्वच्छ विळ्याने जमिनीपासून चार बोटं ते वीतभर काडी ठेवून वरचं सगळं कापा. असं का? वाळकी फुलं आणि काड्या तशाच राहिल्या तर बुडाशी ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही, आणि जुन्या पानांवरचा रोग नव्या फुटीवर उतरतो. कापलेला पाला तिथेच टाकू नका. रोगट असेल तर खतात न घालता जाळून टाका.

मग खुरप्याने वरवर माती मोकळी करा, खोल नको, कोवळे धुमारे तुटतात. प्रत्येक बुडाला ओंजळभर कुजलेलं शेणखत द्या आणि मातीची भर लावा. युरियाचा मारा टाळा. फूट लुसलुशीत होते आणि मावा धावत येतो. मावा दिसलाच तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, चिमूटभर साबण घालून फवारा.

पाणी फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांनी, चैत्रात चार-पाच दिवसांनी. ओल राहिली पाहिजे, पण पाणी साचता कामा नये. ऊन फारच तापलं तर दुपारपुरती जुन्या साडीची सावली करा. आणि एक सांगते, हा वाफा उसाच्या कडेला ठेवू नका. आपल्याकडे बिबट्याचं भय खरं आहे. घराजवळ, दिवसाउजेडी पाणी देता येईल अशी जागा बघा.

एप्रिल-मे महिन्यात काश्या काढायच्या. आदल्या दिवशी वाफा भिजवा. जुन्या काडीच्या बगलेतून फुटलेली फांदी घेऊ नका. जमिनीतून आलेली, स्वतःची मुळं असलेली, चार-पाच बोटं उंचीची काशीच घ्या. संध्याकाळी लावा, लगेच पाणी द्या. मागच्या वर्षी शेवंती होती त्या रानात परत लावू नका, कारण मर मातीत राहते. पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला पाऊस मोठा. तिकडच्या मैत्रिणींनी उंच वरंब्यावरच लावा. महिन्याभराने शेंडा खुडला की फांद्या वाढतात आणि फुलंही.

शेवंतीला कळ्या धरायला मोठी रात्र लागते. म्हणून उन्हाळ्यात ती नुसती पानांनी वाढते, आणि पावसाळा सरता सरता, रात्र वाढली की कळीवर येते. उन्हाळ्यातली ही वाढ म्हणजे दसऱ्याच्या फुलांची शिदोरी. तिला आत्ता पाणी पाजलं तरच ती बांधली जाते.

गटात एक करता येईल. एकीने पांढरी राखावी, दुसरीने पिवळी, तिसरीने झिपरी. चैत्रात हळदीकुंकवाला जमलो की ओटीत एकमेकींना दहा-दहा काश्या द्यायच्या. ज्यांच्याकडे रान नाही, त्यांनी दारातल्या डब्यातल्या शेवंतीलाही हेच करावं.

तर मैत्रिणींनो, रोटर येण्याआधी उद्या सकाळी रानात जाऊन या. चिंध्या बरोबर न्या. शेवटची चार फुलं असतील, तेवढ्यावरूनही झाड ओळखता येतं.