डोंगर एक, कप्पे अनेक

मराठीत डोंगराचे साहित्य म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे राजगड, तोरणा, राजमाची आणि गो. नी. दांडेकरांची दुर्गभ्रमंती येते. हे चित्र इतके पक्के आहे की दांडेकरांचा जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाड्याला झाला होता, हेही विसरायला होते. विदर्भाच्या वाट्याला कापूस, ऊन आणि सपाट काळी जमीन एवढेच वर्णन उरते. यवतमाळ जिल्ह्याचे प्रत्यक्ष रूप मात्र वेगळे आहे. अजिंठ्याच्या रांगांचा पूर्वेकडचा विस्तार या जिल्ह्यात पसरला आहे, यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरांवर वसले आहे, आणि दक्षिणेला पैनगंगेच्या काठापर्यंत टेकड्या नि सागवानाचे रान उतरत जाते. जुन्या वऱ्हाडात पूर्णेच्या सखल खोऱ्याला पायनघाट आणि वरच्या उंच मुलखाला बालाघाट म्हणत. यवतमाळ हा त्या बालाघाटातला मुलूख. या मुलखावर साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लिहिले गेले आहे. ते लेखन एका फळीवर मात्र कधी आले नाही. माझे म्हणणे असे, की ते एका फळीवर आणायला पुस्तकांइतकाच त्या डोंगरांवर जीव असलेला माणूस लागतो, आणि गावातला जाणता पुस्तकविक्रेता हे काम कुणाहीपेक्षा आधी करू शकतो.

सर्वांत जुना पुरावा महानुभावांचा. या पंथात ‘साती ग्रंथ’ म्हणून ज्या सात काव्यांना मान आहे, त्यांत रवळो व्यासांचे ‘सह्याद्रिवर्णन’ हे चौदाव्या शतकातले काव्य आहे. त्यातला सह्याद्री पुण्या-साताऱ्याकडचा नव्हे; तो दत्तात्रेयांच्या वास्तव्याने पावन मानलेला माहूरचा डोंगर आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळकरांना तो समोरच. म्हणजे नावातच सह्याद्री असलेले मराठीतले हे जुने काव्य यवतमाळच्या शिवेवरच्या डोंगराचे आहे. त्याच परंपरेतली ‘स्थानपोथी’ आणखी विलक्षण. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी कुठल्या गावी उतरले, ते देऊळ गावाच्या कुठल्या दिशेला, त्याचे दार कुठल्या अंगाला, बसण्याची जागा नेमकी कुठे, अशी बारीक नोंद तीत आहे. श्रद्धेने लिहिलेली ही पोथी गावोगावच्या जुन्या रचनेचे दप्तरच आहे. पण दुकानात गेलात तर ही दोन्ही पुस्तके सापडतील धार्मिक ग्रंथांच्या कप्प्यात, स्तोत्रे आणि आरतीसंग्रहांच्या शेजारी. डोंगराविषयी काही वाचायला निघालेला माणूस तिथे फिरकणारही नाही.

दुसरा कप्पा सरकारी दप्तराचा, आणि तिथे गोंधळ आणखी वाढतो. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. 1864 मध्ये इथे जो जिल्हा झाला, त्याला पुढे वणीवरून ‘वून’ म्हणत. 1905 मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले आणि तोवर वाशीम जिल्ह्यात असलेला पुसद तालुका त्याला जोडला गेला. नदीपलीकडचे माहूर निजामाच्या राज्यातच राहिले. त्याच बाजूचा किनवटचा भाग 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो तेव्हा नांदेडला आला. वऱ्हाड दरम्यान मध्य प्रांताला जोडले गेले, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. डोंगर जागचा हलला नाही, पण त्याच्यावरचे कागद सारखे घर बदलत राहिले. पुसदच्या टेकड्यांचे एकोणिसाव्या शतकातले वर्णन हवे तर वाशीमचे दप्तर उघडावे लागते, आणि माहूरचे हवे तर हैदराबादचे. अल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले 1870 चे वऱ्हाडचे गॅझेटियर, 1908 चे यवतमाळ गॅझेटियर आणि महाराष्ट्र सरकारने काढलेले नंतरचे गॅझेटियर हे खरे तर एकाच मुलखाचे तीन काळांतले वाचन आहे. ग्रंथालयाच्या यादीत मात्र ते तीन वेगवेगळ्या राजवटींच्या नावांखाली विखुरलेले असते.

तिसरा कप्पा माणसांचा. या टेकड्यांत कोलाम राहतात, गोंड राहतात. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1906 च्या चौथ्या खंडात तिची दखल आहे, आणि मरे एमेनो यांनी 1955 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या चार खंडांत कोलामांवर लेख आहे. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1948 मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर पुस्तक प्रसिद्ध केले. तो प्रदेश म्हणजे पैनगंगेपलीकडची याच डोंगरांची बाजू. एक पुस्तक भाषाशास्त्रात, दुसरे जातीजमातींत, तिसरे मानववंशशास्त्रात आणि तेही दुसऱ्या राज्याच्या नावाने. शिवाय बहुतेक इंग्रजीत. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांच्या नातवंडांना पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या दुकानात यातले एकही सहजी मिळत नाही, हे मला या विषयातले सर्वांत मोठे दुःख वाटते.

हे विखुरलेले धन मुलखातच राहून गोळा करता येते, याचे उदाहरण यवतमाळनेच दिले आहे. यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांचा शोध हे आयुष्याचे काम मानले. पंथाने आपले ग्रंथ सकळी लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके राखले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी त्या लिपीचे कोडे उलगडले आणि अभ्यासकांना दार मोकळे झाले. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ 1925 मध्ये आले, आणि त्यांच्या यवतमाळच्या शारदाश्रमात हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला. पुणे-मुंबईपासून दूर असणे इथे आड आले नाही, उलट कामाला आले: पोथ्या जवळच्या मठांत होत्या, आणि त्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांचा विश्वास जवळच्याच माणसाला मिळवता आला.

पुस्तकविक्रेत्याचे काम याच जातीचे आहे. फरक इतकाच, की त्याच्याकडे ग्रंथ मागून येत नाहीत, रद्दीतून येतात. एखाद्या वकिलाचे किंवा निवृत्त मास्तरांचे घर मोडते, गठ्ठे वजनावर विकले जातात, आणि त्यांत कुठे तरी पुठ्ठा सुटलेले 1908 चे गॅझेटियर असते. जाणता विक्रेता ते उचलताच आधी शेवटची पाने उलटतो: घडी घातलेला नकाशा शाबूत आहे की कुणी फाडून नेला? मग खंड ‘अ’ आहे की ‘ब’ ते पाहतो, कारण ‘अ’मध्ये मुलखाचे वर्णन असते आणि ‘ब’मध्ये नुसते आकड्यांचे तक्ते. कसर कुठवर गेली आहे, शिवण धरेल की नाही, हेही त्याच नजरेत ठरते. ही पारख नसेल तर तेच पुस्तक दुपारपर्यंत पुड्या बांधायला जाते. आणि आवड असेल तर तो पुढची पायरी चढतो: ते गॅझेटियर ‘सह्याद्रिवर्णना’शेजारी ठेवतो. दोन पुस्तके शेजारी आली, की त्यांचा विषय वाचकाला प्रथमच दिसतो. काठमांडूत हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या रत्न पुस्तक भांडारासारख्या पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकांनी हिमालयावरचे दुर्मीळ ग्रंथ नव्याने छापले, आणि त्या पर्वतावरचे वाचन लंडनच्या ग्रंथालयांतून पर्वताच्या पायथ्याशी परत आणले.

यावर सरळ आक्षेप येईल, की आता जुनी गॅझेटियरे संगणकावर फुकट मिळतात. मग दुकान कशाला? ती मिळतात, आणि ते फार चांगले झाले. पण शोधखिडकीत जे नाव टाकाल तेच पुढे येते. ‘यवतमाळ’ टाकणाऱ्याला ‘वून’ दिसत नाही, ‘डोंगर’ टाकणाऱ्याला ‘स्थानपोथी’ सापडत नाही. काय मागावे हे ठाऊक नसलेल्या वाचकाला ते सांगणारा माणूस लागतो. शिवाय कोलामीच्या व्याकरणाची प्रत पडद्यावर असणे आणि पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, शाळेतल्या शिक्षकाच्या हाती ती पडणे, यांत मोठे अंतर आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा. जिल्ह्याच्या गावातले पुस्तकाचे दुकान चालते क्रमिक पुस्तकांवर, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांवर आणि वह्यांवर. हे खरे आहे, आणि त्या विक्रेत्याला नुसत्या ध्येयवादाचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. पण सबंध दुकान या विषयाला द्या असे कुणी म्हणत नाही. एक फळी पुरे. वाचक या गावांना नवा नाही: यवतमाळने 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. संमेलनाचे ग्रंथप्रदर्शन तीन दिवसांत उठते. फळी वर्षभर राहते. ती टिकावी यासाठी महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी आपली स्थानिक खरेदी तिथून करावी. मागणी निश्चित असेल तर विक्रेता पुनर्मुद्रणाचाही विचार करू शकेल.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: अशा प्रेमातून ‘आमचाच मुलूख थोर’ असा अहंकार वाढणार नाही का? तो वाढतो अर्धवट फळीमुळे. नुसत्या पोथ्या ठेवल्या तर मुलूख फक्त पवित्र दिसतो. नुसती गॅझेटियरे ठेवली तर फक्त महसुलाचा. आणि कोलामांवरचे पुस्तक वगळले तर मुळात तिथे कोण राहते हेच झाकले जाते. शिवाय लायल यांच्या काळचा अधिकारी डोंगरी लोकांविषयी राज्यकर्त्याच्या नजरेने लिहितो, हे समजायला त्याच्याशेजारी दुसरे पुस्तक असावेच लागते. प्रामाणिकपणे लावलेली फळी गर्वाला पुरावा मागते.

म्हणून यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडच्या विक्रेत्यांनी आपल्या डोंगरांची एक फळी लावावी आणि सोबत तिची चार पानी मराठी सूची छापावी: कुठले पुस्तक, जुने नाव काय, कुठल्या राजवटीत शोधायचे. शिक्षकांनी आणि अभ्यासकांनी ती सूची दुरुस्त करत राहावे, आणि तिच्यातली इंग्रजी पुस्तके मराठीत यावीत यासाठी विद्यापीठाने हात द्यावा. हे काम कुठल्याही मोठ्या अनुदानाची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. मुलखाची माहिती असलेला एक विक्रेता ते उद्यापासून सुरू करू शकतो, आणि त्याने ते करावे इतके या डोंगरांचे साहित्य निश्चितच मोलाचे आहे.